चालीचा धनी

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. चोहीकडे भाताची खाचरे, जवळून वाहणारी कुडमुरुट्टी आणि एकशे आठ शिवलिंगांचे पुरातन देवालय, एवढीच या गावाची सामान्य प्रवाशाला ओळख. तिरुनेलवेलीकडे याच नावाचे दुसरे एक स्थान आहे. मी बोलणार आहे ते तंजावरच्या पापनाशमविषयी. आणि तेही गावापेक्षा, त्या गावाने ज्याला नाव दिले त्या वाग्गेयकाराविषयी.

निमित्त कार्यालयीन आहे. कावेरीच्या खोऱ्यावरील एका माहितीपटाची फाईल काही दिवसांपूर्वी माझ्या टेबलावर आली. पहाटेच्या घाटाच्या दृश्याला निर्मात्याने व्हायोलिनवर वाजवलेली कापी रागातील एक चाल जोडली होती. सोबतच्या तक्त्यात ‘संगीतकार’ या रकान्यात ‘पारंपरिक’ असे लिहिले होते आणि ‘हक्क’ या रकान्यात ‘लागू नाही’. खाली दोन सह्या झालेल्या होत्या. तिसरी माझी व्हायची होती. चाल माझ्या कानाला ओळखीची वाटली. यशोदेच्या भाग्याचे कौतुक करणारे ते तमिळ पद दक्षिणेत घरोघरी गातात, म्हणून ते परंपरेचे वाटते. वस्तुतः ते पापनाशम शिवन यांचे आहे, आणि शिवन १९७३ सालापर्यंत हयात होते.

त्यांचे मूळ नाव रामय्या. जन्म १८९० चा, तोही पापनाशमचा नव्हे, तंजावर मुलखातील पोलगम या खेड्यातला. वडील लवकर वारल्यामुळे कुटुंब त्रावणकोरात गेले. शिक्षण तेथेच झाले. पुढे ते पापनाशमला वडील बंधूंकडे आले आणि देवळांच्या उत्सवांत भजने गात हिंडू लागले. अंगाला भस्म फासलेला हा तरुण तल्लीन होऊन गातो हे पाहून लोकांनी त्याला ‘पापनाशमचा शिव’ म्हटले, आणि तेच नाव कायम झाले. पुढे मद्रासेत आल्यावर देवळापुढे गाणारा हा भजनी चित्रपटाकडे वळला, तो मराठी माणसांच्या दारातून! १९३४ चा ‘सीताकल्याणम्’ हा तमिळ बोलपट प्रभात फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक बाबूराव पेंढारकर आणि संगीत शिवन यांचे. त्यानंतर ‘अशोककुमार’, ‘शिवकवी’, ‘हरिदास’. यांतील ‘हरिदास’ १९४४ च्या दिवाळीत लागला आणि मद्रासच्या एकाच चित्रपटगृहात त्याने तीन दिवाळ्या पाहिल्या.

आता प्रश्न असा, की चाल ही कोणाच्या मालकीची वस्तू आहे काय? आपल्याकडे फार काळ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच होते, आणि त्यात कमीपणाही नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ व ‘सौभद्र’ रचली तेव्हा कानडी व इतर प्रचलित गाण्यांच्या चाली घेतल्या. नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर ‘चाल : अमुक’ असे छापण्याची प्रथाच होती, म्हणजे उसनवारी उघड होती, चोरी नव्हती. तंजावरात नेमके उलट्या दिशेने घडले. मराठे राजे तेथे असल्यामुळे मराठी कीर्तनकार त्या मुलखात जात. त्यांच्या साक्या, दिंड्या व ओव्या तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उचलल्या आणि तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. कोणी कोणाला दाम मागितला नाही. चालींचे ते एक सार्वजनिक कोठार होते, आणि त्याला कुलूप नव्हते.

कुलूप लागले ते यंत्राने. गाणे तबकडीवर आणि फितीवर चढले, तेव्हा त्याची विक्री होऊ लागली. विक्री आली की मालक आला. ‘मानापमान’ला १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, तेव्हाच संगीत हे नाटककाराहून वेगळ्या माणसाचे काम ठरत चालले होते, बोलपटाने ते पक्के केले. त्याच सुमारास युरोपात चालींची नवी कोठारे निघाली. लंडनमध्ये द वुल्फ या डच वादकाने १९०९ साली मूकपटांसाठी तयार संगीत पुरवण्याची पेढी काढली : प्रेमाचा प्रसंग असेल तर हे पान, वादळ असेल तर ते. आज जाहिरातदार आणि दूरचित्रवाणीवाले ज्या तयार संगीतसंग्रहांतून तुकडे घेतात, त्यांचे मूळ असल्या पेढ्यांत आहे. फरक इतकाच, की या कोठाराच्या दाराशी पावती फाडावी लागते.

आपला कायदा या बाबतीत बराच काळ चमत्कारिक होता. १९५७ च्या कायद्याने ‘संगीतकृती’ची व्याख्या केली ती लिहिलेली, छापलेली किंवा अन्य रीतीने अंकित केलेली स्वररचना अशी. ज्या देशात विद्या तोंडातून कानात जाते, तेथे ही व्याख्या! कागदावर न उतरलेली चाल कायद्याच्या दृष्टीने जणू जन्मलीच नव्हती. वकिलीची पदवी घेतलेल्या भातखंड्यांनी १९०४ साली दक्षिणेचा प्रवास करून एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांची भेट घेतली होती. दोघेही परंपरा स्वरलिपीत बांधण्याच्या उद्योगात होते. त्यांचा हेतू मात्र मालकीचा नव्हता, जतनाचा होता. कायद्यातील ती लेखनाची अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली.

चित्रपटाच्या गीतकार-संगीतकारांचे हाल त्याहून अधिक. मोबदला घेऊन काम केले की, उलट करार नसल्यास, पहिला मालक निर्माता, असा १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णयाला संमती दिली, पण सोबत वेगळी टीप जोडून गायकाला कायद्यात स्थान नाही याविषयीची खंत नमूद केली. शब्द आणि चाल रचणाऱ्यांना स्वामित्वधनाचा सोडता न येणारा वाटा मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. शिवनना १९७२ साली पद्मभूषण मिळाले, पण ही दुरुस्ती पाहायला ते नव्हते.

माझ्या फाईलचा हिशेब साधा होता. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. म्हणजे शिवनांच्या रचनांचा हक्क २०३३ च्या अखेरीपर्यंत. शिवाय चालीचा हक्क वेगळा आणि ती ज्या ध्वनिमुद्रणातून घेतली त्याचा वेगळा. दोन्ही परवानग्या लागतात. जवळच्याच तिरुवय्यारूच्या त्यागराजांची कृती घेतली असती तर रचनेचा प्रश्न उरला नसता, ध्वनिमुद्रणाचा मात्र उरलाच असता. हे मी शेऱ्यात लिहिले. त्यावर मला असे सांगण्यात आले, की एवढ्याशा तुकड्यासाठी कोण विचारतो? विचारणारा कोणी नसेलही. पण ‘पारंपरिक’ या शब्दाने पैसा बुडतो त्यापेक्षा नाव बुडते, आणि ज्याला गावाने हौसेने नाव दिले त्याचे नाव सरकारी तक्त्याने काढून घ्यावे, हे मला सही करण्याजोगे वाटले नाही.

फाईल परत गेली. परवानगीची वाट पाहण्यास वेळ नव्हता, म्हणून निर्मात्याने त्या भागातील एका नागस्वरवादकाला बोलावून, त्याला मोबदला देऊन नवे वादन मुद्रित केले. श्रेयनामावलीत त्याचे नाव आहे. पहाटेचे ते दृश्य मात्र कापीच्या त्या चालीने जसे उजळले होते तसे आता उजळत नाही, हे कबूल केले पाहिजे.