सोळा शाळा आणि माझं खोटं जर्नल

परवा ऑफिसात एका नवीन मुलाने टेस्ट पास व्हावी म्हणून कोडमध्ये सरळ अपेक्षित उत्तरच लिहून ठेवलं. मी जाम वैतागलो. मग आठवलं, अकरावीत आपण तरी काय केलं होतं? दोलकाचा प्रयोग. उत्तर ९.८ यायला हवं हे आधीच माहीत, म्हणून उलटं गणित करून रीडिंग्ज लिहून टाकली. जर्नलवर सही मिळाली, विषय संपला.

ही सवय मोडायचा एक मोठा प्रयत्न १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान शिकवायला घेतलं. मदतीला मुंबईच्या टीआयएफआरमधले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ होते.

त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते. तयार उत्तरं मात्र नव्हती. मुलांनी गट करून प्रयोग करायचा, दिसेल ते लिहायचं आणि मग वर्गात भांडायचं (म्हणजे चर्चा!). साधं लांबी मोजणं घ्या. एकच वस्तू सगळ्यांनी मोजली की आकडे थोडे थोडे वेगळे येतात. आमच्या शाळेत ज्याचा आकडा वेगळा, तो चुकला. तिथे या फरकाला 'घट-बढ' असं नाव होतं, आणि तो का येतो हाच अभ्यास. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची परवानगी. पाठ करण्यासारखं काही नव्हतंच ना!

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर गेला. त्याच सुमारास अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा काढून तिथे पोचले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून आकार बनवायची त्यांची कल्पना तिथलीच. १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था उभी राहिली, तिने काम पुढे नेलं. आणि २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांनी.

मला वाटतं, "मलाही माहीत नाही, करून बघू" असं शिक्षकाने वर्गात म्हणणं ही त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट होती. आमच्या सरांनी ते एकदा जरी म्हटलं असतं, तर मी ९.४ लिहून सही मागायला गेलो असतो.

असो. सोमवारी त्या मुलाची माफी मागायची आहे, आणि मग दोघांनी बसून ती टेस्ट का फेल होते ते बघायचंय.