स्वतंत्र गेमनिर्मिती : ‘राजी’चा धडा
मोठ्या कंपनीच्या आधिपत्याखाली न राहता एकट्याने अथवा छोट्या गटाने घडविलेल्या संगणकीय खेळास ‘इंडी गेम’ म्हणतात. राज्यातील ठळक उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे. ‘राजी’ या खेळासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर केलेले निधीचे आवाहन अयशस्वी ठरले. मात्र पुढे प्रकाशक लाभला, २०२० मध्ये खेळ बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्यास नामांकनही मिळाले.

वसई-विरारमधील एकट्या प्रोग्रॅमरला मोबाइलपासून प्रारंभ करणे तुलनेने सुलभ आहे. गुगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर, तर अ‍ॅपलची दरवर्षी ९९ डॉलर. ‘गोडो’ हे गेम इंजिन विनामूल्य आहे. खरे भांडवल लागते ते वेळेचे. म्हणूनच नोकरी सोडण्यापूर्वी एक लहान खेळ पूर्ण करणे श्रेयस्कर.