घरातला पाइप ऑर्गन

आपल्याकडे ‘ऑर्गन’ म्हटले की जुन्या रसिकांच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकाचा रंगमंच येतो. पडद्याच्या खालच्या अंगाला बसलेला वादक, पायाने चालणारा भाता आणि नांदीचा पहिला सूर. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून हा ऑर्गन मराठी कानांना इतका सवयीचा झाला की तो परदेशातून आला आहे, हेही आपण विसरून गेलो. पण ते वाद्य म्हणजे आपल्या पायपेटीचेच मोठे भावंड. त्याचा सूर निघतो तो धातूच्या पातळ जिभांमधून. आज ज्या ऑर्गनविषयी बोलायचे आहे त्याचा सूर निघतो नळ्यांतून. एकेका सुराला एकेक नळी, आणि जितक्या जातींचे आवाज हवेत तितक्या नळ्यांच्या रांगा.

नेदरलँड्समधल्या झ्वोले या गावी सेंट मायकेलच्या चर्चमध्ये असा एक ऑर्गन आहे. १७२१ साली तो पुरा झाला. आर्प श्निट्गर हा त्या काळचा उत्तरेकडचा सर्वांत नामांकित ऑर्गनकार. तो १७१९ मध्ये वारला आणि हे काम त्याच्या दोन मुलांनी तडीस नेले. हातांसाठी एकावर एक चार स्वरपट्ट्या, पायांसाठी आणखी एक, आवाज निवडायला ६४ खुंट्या आणि नळ्या चार हजारांहून अधिक. वाद्य कसले, इमारतच ती!

आता प्रश्न असा की, अशा वाद्याचा रियाज करायचा कुठे? तंबोरा कोपऱ्यात उभा असतो, पेटी खाटेखाली मावते. ऑर्गन मात्र चर्चच्या भिंतीला जखडलेला. विजेचे पंखे येण्यापूर्वी त्याचे भाते पायांनी तुडवायला माणसे लागत आणि त्यांना मजुरी द्यावी लागे. हिवाळ्यात चर्च बर्फासारखे गार. म्हणजे भाते तुडवणारा नसेल, तर वादकाने कितीही बोटे आपटली तरी वाद्य मुके. मोठ्या संगीतकारांच्या चरित्रांत या माणसांची नावे सहसा सापडत नाहीत, पण त्यांच्या पायांवाचून त्या काळातला एकही सूर निघाला नसता.

योहान सेबास्टियन बाख याचेच उदाहरण घ्या. १७०३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याला आर्नश्टाट गावी नवाकोरा ऑर्गन मिळाला. तरीही १७०५ च्या अखेरीस तो चार आठवड्यांची रजा घेऊन ल्युबेकला निघाला, सुमारे चारशे किलोमीटर, आणि तेही पायी. तिथे बुक्सटेहुड हा बुजुर्ग ऑर्गनवादक होता. ते वादन ऐकायचे तर त्या गावी, त्या चर्चमध्येच जायला हवे, दुसरा इलाज नव्हता. चार आठवड्यांचे जवळजवळ चार महिने झाले आणि परत आल्यावर वरिष्ठांनी जाब विचारला. गुरूच्या दारी जाऊन राहिलेल्या आपल्या गवयांना यात काहीच नवल वाटणार नाही.

मग घरी काय करीत? घरी असे क्लॅव्हिकॉर्ड. लाकडी पेटी, आत तारा. पट्टी दाबली की पितळेची छोटी फाळ तारेला जाऊन टेकते आणि इतका बारीक आवाज येतो की शेजारच्या खोलीतही तो नीट पोचू नये. असे एकावर एक ठेवून खाली पायांसाठी तिसरे जोडले की हातापायांची तालीम होई. १७६० मध्ये गेर्स्टेनबर्ग याने केलेला असा एक संच लाइपझिगच्या वाद्यसंग्रहालयात आहे. बाखच्या घरीही याच जातीचे काही असणार. १७५० मध्ये तो वारल्यावर वाटणीच्या वेळी धाकट्या योहान क्रिस्टियानने सांगितले की, पायपट्टीसह तीन वाद्ये वडिलांनी हयातीतच मला दिली आहेत. भावंडांत यावरून कुरबूर झाली, ही जगरहाटीच.

बाखच्या सहा ट्रायो सोनाटा आहेत. उजवा हात एक चाल वाजवतो, डावा दुसरी आणि पाय तिसरी. तिन्ही स्वतंत्र, कोणी कोणाच्या मागे लपू शकत नाही. फोर्केल या पहिल्या चरित्रकाराने १८०२ मध्ये लिहून ठेवले आहे की, बाखने त्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानच्या तयारीसाठी रचल्या. तालीम घरातच झाली असावी असे मला वाटते. १७३३ मध्ये फ्रीडेमानला ड्रेस्डेनच्या सोफिया चर्चमधली जागा मिळाली आणि झिल्बरमानने बांधलेला ऑर्गन त्याच्या हाती आला.

तो ऑर्गन आज नाही. १९४५ च्या बॉम्बवर्षावात गेला. ज्यासाठी बाख चालत गेला ते ल्युबेकचे ऑर्गन १९४२ मध्येच जळाले होते. हॅम्बर्गच्या सेंट याकोबीमधला श्निट्गरचा ऑर्गन थोडक्यात वाचला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्याच्या दर्शनी नळ्या कथलासाठी वितळवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात उरलेल्या नळ्या आधीच काढून सुरक्षित ठेवल्या होत्या म्हणून चर्च जळाले तरी त्या राहिल्या. युर्गेन आरेंड यांनी १९९३ मध्ये तो पुन्हा उभा केला. (याच चर्चमधल्या नोकरीसाठी १७२० मध्ये बाखही उमेदवार होता. जागा मिळाली हाइटमान नावाच्या वादकाला आणि त्याने चर्चच्या तिजोरीत चार हजार मार्क भरले. आपण त्याला आज काय म्हणतो ते सांगायला नको.)

अशा वाद्यांचा आवाज घरी आणण्याची युक्ती एकविसाव्या शतकात निघाली. २००२ साली ब्रिटनमधल्या मार्टिन डाइड यांनी ‘हाउप्टवेर्क’ हा संगणकाचा प्रोग्रॅम बाहेर काढला. जर्मन ऑर्गनच्या मुख्य विभागाला हेच नाव आहे. कल्पना सोपी, मेहनत अफाट. रात्री रहदारी थांबली की चर्चमध्ये मायक्रोफोन लावायचे आणि एकेक नळी काही सेकंद वाजवून तिचा आवाज टिपायचा. सूर सोडल्यावर घुमटाखाली जी आस रेंगाळते तीही टिपायची. झटकन सोडलेल्या सुराची आस वेगळी आणि लांबवलेल्या सुराची वेगळी, म्हणून तेच काम पुन्हा करायचे. मग घरी स्वरपट्ट्या, पायपट्टी आणि संगणक जोडला की बोट पडताच तीच नळी त्याच चर्चमध्ये बोलते. झ्वोलेचा ऑर्गन प्रागच्या मंडळींनी असाच टिपला आहे. कानाला हेडफोन लावले की रात्री दोन वाजताही शेजाऱ्यांची तक्रार नाही.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती सूर लावण्याची. तंबोरा छान लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो. आजच्या पेटीचा गंधार त्याहून थोडा चढा असतो, कारण सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. या आणि अशा तक्रारींतूनच १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल तर त्याआधीच, १९१० साली, बावीस श्रुतींवर पुस्तक लिहून बसले होते. युरोपातही हाच झगडा होता. सतराव्या शतकातले पुष्कळ ऑर्गन ‘मीनटोन’ पद्धतीने लावलेले असत. त्यात गंधार तंबोऱ्यासारखा गोड, पण त्याची किंमत म्हणून एक पंचम इतका बेसूर की वादक त्याला ‘लांडगा’ म्हणत. खऱ्या ऑर्गनची जुळवणी बदलायची तर हजारो नळ्यांना हात लावावा लागेल. इथे ती एका क्लिकवर बदलते. त्या काळच्या रचनाकारांनी काही स्वर का टाळले आणि काहींवर का रेंगाळले, हे पुस्तक न वाचता कानाला कळते.

उणिवा आहेतच. जुन्या ऑर्गनमध्ये बोटाखाली हवेची झडप उघडल्याचा झटका जाणवतो, संगणकाच्या पट्टीत तो नसतो. मोठी नळी वाजली की बाकाचे लाकूड थरथरते, ते हेडफोनमध्ये कुठून येणार? युनेस्कोने २०१७ मध्ये जर्मनीतल्या ऑर्गनबांधणीची वारसा यादीत नोंद केली, तेव्हा त्या देशात सुमारे पन्नास हजार ऑर्गन आणि चारशे कारखाने असल्याचे म्हटले होते. नव्या सोयीमुळे या कारागिरांच्या पोटावर पाय येईल, अशी भीती काही जण बोलून दाखवतात. मला ती तितकीशी पटत नाही. घरी रियाज केलेला माणूस खऱ्या वाद्याकडे धाव घेतोच.

खरा वाद मला दुसराच दिसतो. आवाज टिपताना एखादी नळी किंचित उतरलेली निघते, एखादी सुरू होताना फुसफुसते. काही जण संगणकावर ती दुरुस्त करून टाकतात. काही जण तशीच ठेवतात, कारण त्या रात्री ते वाद्य तसेच बोलत होते. उद्या डागडुजी झाली, नळी बदलली किंवा चर्चला आग लागली, तर त्या आवाजाची नोंद म्हणून तेवढीच उरेल.