स्फटिकातला शेजार, पेशीतली जोडी
प्रथिनाच्या स्फटिकात प्रत्येक रेणू आजूबाजूच्या अनेक रेणूंना टेकलेला असतो. यांतले काही संपर्क पेशीतही असतात आणि प्रथिनाचे कार्य त्यांच्यावर अवलंबून असते. उरलेले केवळ स्फटिक बनताना जुळून आलेले असतात. क्ष-किरणांनी मिळालेल्या रचनेत दोन्ही सारख्याच स्पष्टपणे दिसतात. त्यांतला भेद गणिताने ओळखण्याचे प्रयत्न सुमारे पाच दशके चालू आहेत.

हा प्रश्न हिमोग्लोबिनमध्येच दिसतो. घोड्याच्या हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा. परंतु मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये अभ्यासलेल्या त्याच्या स्फटिकाच्या मूळ एककात दोनच साखळ्या येतात. रेणूचा सममिती-अक्ष स्फटिकाच्या अक्षाशी जुळत असल्याने उरलेला अर्धा भाग त्या अक्षाभोवती १८० अंश फिरवून मिळवावा लागतो. येथे साखळ्यांची संख्या अन्य प्रयोगांवरून माहीत होती. १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात सातच रचना होत्या. पुढे त्या हजारांनी वाढल्या आणि असा स्वतंत्र पुरावा सर्वांसाठी मिळेना.

संपर्क मोजण्याचे साधन मात्र १९७१ मध्येच मिळाले होते. ली आणि रिचर्ड्स यांनी पाण्याच्या रेणूएवढा, १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा काल्पनिक गोल प्रथिनावरून फिरवून पाण्याला खुला असलेला पृष्ठभाग मोजला. दोन रेणू जुळले की त्यातला काही भाग झाकला जातो. १९७५ मध्ये चोथिया आणि जानिन यांनी या झाकलेल्या क्षेत्रफळाचा संबंध जोडणीच्या स्थैर्याशी लावला. त्यातून क्षेत्रफळ हाच पहिला निकष ठरला. २००० मध्ये पोन्स्टिंगल, हेन्रिक आणि थॉर्नटन यांनी ८५६ चौरस अँगस्ट्रॉम ही सीमा धरून एकेरी आणि जोडीने राहणारी प्रथिने वेगळी केली, तेव्हा सुमारे १५ टक्के निर्णय चुकले.

चूक होण्याचे कारण कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधील बहादूर आणि चक्रवर्ती यांनी फ्रान्समधील रोदिए व जानिन यांच्यासह २००४ मध्ये उलगडले. त्यांनी ८०० चौरस अँगस्ट्रॉमहून मोठे १८८ निव्वळ स्फटिकी संपर्क तपासले. आकाराने मोठे असूनही त्यांतले अणू सैलसर रचलेले होते आणि पूर्ण झाकलेले अणू कमी होते. म्हणजे क्षेत्रफळाइतकीच घट्टपणाची दखल घेणे आवश्यक होते.

त्यानंतर दोन वाटा रुळल्या. क्रिसिनेल आणि हेन्रिक यांच्या २००७ च्या ‘पिसा’ या संगणकीय पद्धतीने संपूर्ण समूह विलग करायला किती ऊर्जा लागेल याचा हिशेब मांडला. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधून २०१२ मध्ये आलेल्या ‘एपिक’ या पद्धतीने उत्क्रांतीचा पुरावा घेतला: संपर्काच्या गाभ्यातली अमिनो आम्ले सजातीय प्रथिनांत इतर पृष्ठभागापेक्षा कमी बदलली असतील, तर तो संपर्क जैविक असण्याची शक्यता जास्त.

या निर्णयाचे महत्त्व ईजीएफआर या कर्करोगाशी निगडित प्रथिनाने दाखवले. २००६ मध्ये कुरियन यांच्या गटाने स्फटिकातल्या एका असममित संपर्काकडे लक्ष वेधले: एका रेणूचा खालचा भाग दुसऱ्याच्या वरच्या भागाला भिडून त्याला सक्रिय करतो. त्या जागेची अमिनो आम्ले बदलताच सक्रियता थांबली. भाकिताला प्रयोगाची जोड लागते ती अशी. म्हणूनच आज डेटा बँकेच्या नोंदीत संशोधकांनी सांगितलेला आणि संगणकाने सुचवलेला समूह यांची नोंद वेगवेगळी ठेवतात.