रिझोल्यूशन : खेळाचा प्राण की पोशाख?

१/ १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांत ८-बिट व्हिडिओ गेम आले. त्यांतील बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. चित्र अवघे २५६ × २४० ठिपक्यांचे. आजच्या ४के पडद्यावर त्याच्या १३५ पट ठिपके असतात. मग खेळही तितक्या पटींनी सरस झाला का?

२/ मारिओची टोपी आणि मिशी पाहा. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मोजक्या ठिपक्यांत केस व तोंड रेखाटणे अवघड होते, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी ही युक्ती योजली. मर्यादेतूनच जगप्रसिद्ध चेहरा घडला.

३/ पिक्चर ट्यूबचा टीव्ही ठिपक्यांच्या कडा मृदू करी. तेच चित्र आजच्या सपाट पडद्यावर खडबडीत भासते.

४/ २००६ साली निन्टेंडोचा ‘वी’ ४८० रेषांवर थांबला. प्लेस्टेशन ३ मात्र १०८० पर्यंत गेला. तरीही हात हलवून खेळण्याच्या नवलाईमुळे ‘वी’ने १० कोटींचा विक्रीटप्पा ओलांडला, प्लेस्टेशन ३ ला तो गाठता आला नाही.

५/ दूरचे लक्ष्य वा बारीक अक्षरे टिपण्यास रिझोल्यूशन हवेच. परंतु जुना खेळ आजच्या पडद्यावरून जोखणे म्हणजे मोडी कागदाला छापील अक्षरांची फूटपट्टी लावणे होय. साधन त्याच्या काळातच वाचावे.