कोल्हापूरच्या पडद्यावरील वीरपुरुष



आमच्या घरी नातवंडे जमली की बॅटमॅनच्या तीन चित्रपटांचा विषय निघतोच. क्रिस्टोफर नोलन यांनी ते २००५, २००८ आणि २०१२ साली काढले, आणि मुखवट्याचा वीर प्रौढांनीही गंभीरपणे पाहावा असे जगाला वाटू लागले. परवा थोरल्या नातवाने विचारले, "आजोबा, आपल्याकडे असे काही झाले का हो?" मी म्हटले, झाले की, आणि तेही कोल्हापुरात, राधानगरीपासून दिवसाउजेडी जाऊन परत येण्याच्या अंतरावर!

ही त्रयी कोणी ठरवून रचलेली नव्हे. तिघांनी एकोणतीस वर्षांच्या अवधीत काढलेले हे तीन चित्रपट मीच एका सुतात ओवतो आहे, हे आधी कबूल केलेले बरे.

पहिला 'सिंहगड', १९२३ चा. बाबूराव पेंटर हे मुळात नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार. दामल्यांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेरा घरीच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून त्यांनी हा मूकपट केला. रात्रीची लढाई दाखवायची, तर सूर्यप्रकाशावर भागणार कसे? बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात ती दृश्ये टिपली. आपल्या देशात त्या काळी ही गोष्ट अगदी नवी होती. शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली, आणि शेलारमामा झाला कंपनीतलाच एक होतकरू तरुण, शांताराम वणकुद्रे.

इथे थोडे थांबतो. तानाजी म्हटला की घोरपड आलीच. समकालीन कागदांत तिचा पुरावा सापडत नाही. ती मागाहून लोककथेने दिलेली देणगी. पण १६७० च्या फेब्रुवारीतल्या त्या रात्री माणसे कडा चढून गेली आणि त्यांचा नायक लढता लढता पडला, एवढे इतिहास सांगतो. घोरपड काढून घेतली म्हणून तानाजी तसूभरही उणा होत नाही. उलट कडा अधिक उंच वाटू लागतो. बॅटमॅनपाशी अवजारे पुष्कळ, आणि शेवटी तो जिवंत राहतो. आमचा वीर परत येत नाही.

दुसरा चित्रपट 'उदयकाल', १९३० चा. १९२९ साली पेंटरांची कंपनी सोडून बाहेर पडलेल्या मंडळींनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली होती. कालचा शेलारमामा आता दिग्दर्शक होता, आणि शिवाजीची भूमिकाही त्यानेच केली. चित्रपटाचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण'. ते साल मिठाच्या सत्याग्रहाचे! 'स्वराज्य' हा शब्द भिंतीभिंतीवर लागावा हे सरकारला कसे रुचणार? नाव बदलावे लागले.

तिसऱ्याकडे जाण्यापूर्वी आपल्या गावाची एक गोष्ट. ज्या राधाबाई अक्कासाहेबांच्या नावे शाहू महाराजांनी ही राधानगरी वसविली, त्यांच्या आणि राजाराम महाराजांच्या आश्रयाने पुढे कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. १९३४ चा तिचा 'आकाशवाणी' भालजी पेंढारकरांनी दिग्दर्शित केला. तोच स्टुडिओ पुढे भालजींचा 'जयप्रभा' झाला.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने तो जाळला. भालजींनी नेताजी पालकर, बहिर्जी नाईक पडद्यावर आणले होते. ज्या गावासाठी आणले, त्याच गावात हे घडले. 'मीठभाकर' या चित्रपटाचे कामही आगीत गेले, ते पुन्हा करावे लागले. माणूस इथे कडवट झाला असता तर कोणी दोष दिला नसता. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि १९५२ साली 'छत्रपती शिवाजी' पूर्ण केला. त्यात महाराज झाले कोल्हापूरचेच चंद्रकांत मांडरे. पुष्कळ घरांत महाराजांचा चेहरा म्हणून त्यांचाच चेहरा मनात बसला, इतका की जुनी समकालीन चित्रे पाहून लोक बुचकळ्यात पडतात.

नातवाने हे ऐकून विचारले, "मग 'सिंहगड' कुठे पाहायला मिळेल?" मूकपटांच्या काळात या देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले, त्यांतले फारच थोडे आज हाती आहेत, बाकीची रिळे आगीत गेली, कुजली, चांदीसाठी वितळवली गेली. त्याला हे सांगणे जड गेले. १९५२ चा चित्रपट मात्र आम्ही दोघांनी मिळून पाहिला.