मराठवाड्यांतील मुलांचा पहिला जलसा

मुलांना प्रथम कोणत्या गाण्याला न्यावें, ह्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फारसा कोणी केलेला दिसत नाहीं. मुंज केव्हां करावी, शाळेंत केव्हां घालावें, ह्यांविषयीं हवे तितके शास्त्रार्थ आहेत. परंतु हजारों माणसांच्या गर्दींत, रात्रीच्या वेळीं, छातींत धडकी भरेल अशा आवाजांत चाललेलें गाणें मुलानें प्रथम कोणाच्या खांद्यावर बसून ऐकलें, ह्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. ज्याचें त्याला मात्र तें जन्मभर आठवतें.

२०२५ सालच्या जानेवारींत कोल्डप्ले ह्या लंडनच्या वाद्यवृंदाचे जलसे नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १८, १९ व २१ ह्या तारखांस झाले. त्यांपैकीं एकास लातूरच्या आमच्या धाकट्या बंधूंचीं दोन मुलें, १३ वर्षांची पुतणी व ९ वर्षांचा पुतण्या, घेऊन जाण्याचा योग आम्हांस आला. मुलांचा हा पहिलाच रॉक संगीताचा जलसा. आणि खरें सांगावयाचें तर आमचाहि पहिलाच. बेत कानीं पडतांच बंधूंनीं विचारलें, "दादा, ह्यांत गुण किती मिळतात?" लातूरच्या गृहस्थानें हा प्रश्न करावा ह्यांत नवल नाहीं. परीक्षेंतील यशाच्या ज्या रीतीला सारा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणतो, तिच्यासाठीं परजिल्ह्यांतून हजारों विद्यार्थी त्या शहरांत येऊन राहतात, आणि त्यांच्या दिवसाच्या वेळापत्रकांत गाण्याला तास नाहीं. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. परंतु रात्रीच्या गाडींत मुलें झोंपल्यावर मनांत आलें कीं, आमच्या लहानपणीं हा प्रश्न कोणी केला नव्हता, आणि तरी आम्हांस नेलें होतें.

नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत माळेगांव येथें मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. दिवसां घोडे, गाढवें व उंट ह्यांचा बाजार. रात्रीं तमाशाचे फड. एकीकडे वाघ्यामुरळीची दिमडी वाजत असते, तर दुसरीकडे ढोलकी. आमच्या आजोबांनीं आम्हांस खांद्यावर घेऊन तेथें नेलें तेव्हां आम्ही सहा वर्षांचे असूं. फडांतील वगाचें कथानक आम्हांस मुळींच आठवत नाहीं. आठवतो तो बाहेरचा हलगीवाला. थंडीनें कातडें सैल पडलें म्हणून तो पेटत्या पाचटाच्या आंचेवर हलगी धरून बसला होता. मधूनच बोटानें टिचकी मारून पाही, मान हालवी, पुन्हां आंचेवर धरी. मग उठून त्यानें पहिला ठोका मारला तो आमच्या कानांत न शिरतां थेट पोटांत शिरला. आवाज कोठून येतो, त्याला तयारी काय लागते आणि त्यामागें घाम गाळणारा एक मनुष्य असतो, हें आम्हांस कोणी शिकविलें नाहीं; तें दिसलें.

असल्या पहिल्या श्रवणाची ठिकाणें ह्या प्रदेशांत पुष्कळ होतीं. गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं नांदेड येथें निवर्तले. तेथील सचखंडाची इमारत महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयानें १८३२ ते १८३७ ह्या काळांत उभी राहिली. गुरुद्वारांतील कीर्तनाला आईच्या मांडीवरचीं मुलेंहि असतात, आणि दसऱ्याच्या हल्लाबोलाच्या मिरवणुकीचा नगारा ऐकण्यास शीख असावें लागत नाहीं. नांदेडकर मूल तो ऐकतच वाढतें. औशाच्या नाथ संस्थानाचें चक्रीभजन तर पाहण्याचीच वस्तु आहे. टाळमृदंगाच्या लयींत गाणारे स्वतःभोंवतीं व एकमेकांभोंवतीं फिरूं लागतात, आणि प्रेक्षकांतील लहान मूल जागच्या जागीं उभें राहूं शकत नाहीं. उमरीजवळच्या गोरठ्यास राहिलेले दासगणू महाराज (१८६८–१९६२) पूर्वाश्रमीं पोलीस शिपाई होते, हें ज्यांनीं त्यांचें कीर्तन ऐकलें त्यांस खरें वाटत नसे म्हणतात.

ह्या गोष्टींना निजामी अमलांत एक निराळेंच वजन आलें होतें. सभा भरवावयाची तर सरकारची परवानगी हवी. तेव्हां यात्रा, कीर्तन आणि गणपतींतील मेळे हींच एकत्र जमण्याचीं निमित्तें उरलीं. १९३८ सालीं 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून व विद्यालयांतून बाहेर काढण्यांत आलें, आणि त्यांतील कित्येकांना नागपूरच्या विद्यापीठानें आसरा दिला. चारचौघांत एक सूर लावणें हा जेथें अपराध ठरतो, तेथें मुलाला खांद्यावर घेऊन गाण्याला जाणारा बाप केवळ करमणुकीस जात नसतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें, आणि मेळ्यांचें तें काम त्याबरोबर संपलें. गाणें मात्र उरलें.

आतां जें सांगावयाचें तें सांगितल्यावांचून ह्या वर्णनाला अर्थ नाहीं. आम्हांस माळेगांवला नेलें. आमच्या बहिणीला नेलें नाहीं. आमच्या मातोश्री जन्मभर त्याच जिल्ह्यांत राहिल्या. खंडोबाचें दर्शन त्यांनीं कितीतरी वेळां घेतलें, पण तें दिवसां. दिवेलागणीच्या आंत बायकांची बैलगाडी परत फिरे. फडांत नाचणारी व गाणारी स्त्री, आणि समोर बसलेले सारे पुरुष व त्यांचे मुलगे, अशी ती रचना होती. लोककलेचे गोडवे गातांना आम्ही लेखक मंडळी ही गोष्ट सहसा वगळतों. येथें एक मोठा अपवाद नोंदविला पाहिजे. भीमजयंतीच्या रात्रीं भीमगीतांचे जे कार्यक्रम मराठवाड्याच्या गांवोगांवीं होतात, त्यांना आया आपल्या मुलींना घेऊन पुढें बसतात आणि पहांटेपर्यंत उठत नाहींत. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) ह्यांच्यासारख्या शाहिरांनीं हा श्रोतृवर्ग घडविला. आमच्या आळींतल्या मुली जें ऐकूं शकल्या नाहींत, तें त्या वस्तींतल्या मुलींनीं ऐकलें. हें आमच्या लक्षांत यावयास चाळीस वर्षें लागलीं.

रॉक संगीताचा इतिहास ह्याच्या अगदीं उलट दिशेनें सुरू होतो. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे क्रीडांगणावर बीटल्सचा जलसा झाला, तेव्हां सुमारें ५५,००० श्रोते होते. त्यांत किशोरवयीन मुलींचा भरणा इतका कीं, त्यांच्या किंकाळ्यांत वाजविणाऱ्यांना आपलेंच वाजविणें ऐकूं येईना. मुलें तेथें आईबापांनीं नेलीं म्हणून गेलीं नव्हतीं. घरच्या नापसंतीला न जुमानतां गेलीं होतीं. आपल्याकडेहि हें संगीत प्रथम महाविद्यालयीन तरुणांचेंच होतें. १९७१ सालीं लोणावळ्याजवळ मळवली येथें रॉक संगीताचा जो मोठा मेळावा भरला, त्याचें नांव 'स्नेहयात्रा' होतें. ज्यांनीं तें ठेवलें त्यांच्या मनांत माळेगांव नसेल. पण शब्द नेमका तोच निघाला. १९८६ पासून मुंबईंत 'इंडिपेन्डन्स रॉक' होऊं लागला, आणि १ नोव्हेंबर १९९६ रोजीं मायकेल जॅक्सन ह्यांचा अंधेरीच्या क्रीडासंकुलांत कार्यक्रम झाला. त्या पिढीचे तरुण आतां स्वतःच आईबाप झाले आहेत. नेरूळास आम्हीं पाहिलें तें हेंच कीं, एकेकाळीं आईबापांना चुकवून जाण्याचें जें ठिकाण, तेथें आतां आईबापच मुलांचीं बोटें धरून रांगेंत उभे आहेत. साधारण तिकिटाचा दर २,५०० रुपयांपासून पुढें होता. म्हणजे हा खांदा सर्वांस परवडणारा नव्हे, हेंहि येथें मान्य केलें पाहिजे.

जलसा सुरू झाला. प्रत्येकाच्या मनगटावर बांधलेले पट्टे एकदम पेटले व साऱ्या क्रीडांगणाचा रंग पालटला. मुलें हरखलीं. ह्या दिव्यांचें आम्हांस विशेष वाटलें नाहीं. दिवे लग्नाच्या वरातींतहि असतात. पण थोड्या वेळानें पुतण्यानें आमच्या कानाशीं तोंड आणून विचारलें, "काका, हीं माणसें खरेंच आत्तां वाजवताहेत?"

हा प्रश्न ऐकून आम्ही चपापलों. मग ध्यानांत आलें कीं, ह्या मुलाला मोठा आवाज नवा नव्हता. लातुरांत व नांदेडांत वरात असो, विसर्जन असो, कीं जयंती असो, ध्वनिक्षेपकांच्या भिंती गाडीवर रचून जो 'डीजे' निघतो, त्यानें घरांचीं तावदानें हालतात. तो आवाज ऐकतच तें मूल मोठें झालें होतें. परंतु त्या आवाजामागें वाजविणारा कोणी नसतो. एक तरुण कळ दाबतो व आपणहि नाचूं लागतो. हलगीवाल्याची टिचकी, आंच, मानेची हालचाल, ह्यांतलें कांहींच त्या मुलानें पाहिलेलें नव्हतें. २६ जानेवारीचा अहमदाबादचा जलसा घरबसल्या पाहण्याची सोय झाली होती, आणि बंधूंनीं तीच सुचविली होती. परंतु पडद्यावर हा प्रश्न सुचला नसता. आम्हीं त्याला ढोल वाजविणाऱ्याकडे बोट करून दाखविलें. पुढचा अर्धा तास त्यानें दुसरीकडे पाहिलें नाहीं.

कानांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. डेसिबल हें माप साध्या बेरजेचें नव्हे. तें ३ नें वाढलें कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सोसण्याजोगा धरला, तर १०० डेसिबलला कानावर तितकाच भार पाव तासांत पडतो. अंतःकर्णांतील सूक्ष्म पेशी एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं अशा जलशांसाठीं कोणत्याहि १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नसावी, अशी मर्यादा सांगितली. आमच्या दोन्ही मुलांच्या कानांवर आम्हीं जाड झांपणें बसविलीं होतीं. शेजारचे कांहीं तरुण हंसले, हंसोत. आपल्याकडील २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम रात्रीं १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्यास सांगतात. त्यांचें पालन नेरूळास ज्या काटेकोरपणें होतें, त्याच्या दशांशानेंहि आमच्या गल्लींत होत नाहीं. ज्या आवाजाला मुलांना आपण आठवडाभर विचार करून, कान झांकून नेतों, त्याहून वाईट आवाज त्यांच्या अभ्यासाच्या खोलीखालून वर्षांतून दहा वेळां जातो, आणि तेव्हां गुणांचा प्रश्न कोणी काढीत नाहीं.

पुतणी जलशाच्या वेळीं फारसें बोलली नाहीं. परतीच्या गाडींत तिनें आमच्याकडून माळेगांवची सारी हकीकत पुन्हां पुन्हां विचारून घेतली. हलगी कशाची करतात, ढोलकीवाला कोठें बसतो, फड किती वाजतां उठतो. तिच्या आजीनें त्यांतलें काय काय पाहिलें होतें, हेंहि तिनें विचारलें, व आम्हांस तें सांगावें लागलें. लातूर आल्यावर सामान खालीं ठेवण्यापूर्वींच ती वडिलांस म्हणाली, "बाबा, यंदा माळेगांवला मला रात्रीं थांबायचंय." बंधु आमच्याकडे पाहूं लागले. यात्रेला अद्याप अवकाश आहे, असें कांहींतरी ते बोलले आणि चहा सांगावयास आंत गेले.